फॉलकर्क व्हील बघायला जाताय? आधी खाली उभे राहा, बोटीत नंतर बसा

फॉलकर्क व्हील म्हणजे स्कॉटलंडमधलं बोटी उचलणारं फिरतं चाक. ते बघताना पहिल्या वेळी मी जी चूक केली ती सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं एवढं सगळं का लिहिलंय ते कळेल. तिकीट आधीच काढलेलं होतं, पोचेपर्यंत बोट सुटायला दहाच मिनिटं उरली होती, म्हणून इकडेतिकडे न बघता धावत जाऊन खिडकीची जागा पकडली. बोट हळूच पुढे सरकली, एका लांबट पेटीत शिरली, मागे दार लागलं, आणि थोड्या वेळाने बाहेरची माणसं लहान लहान व्हायला लागली. हादरा नाही, आवाज नाही, पोटात गोळाबिळा काही नाही. वर पोचलो तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "सुरू झालं का?" यात चूक कुणाचीच नाही, चाकाच्या आत बसलेल्या माणसाला चाक दिसणार कसं? एवढ्या लांब जाऊन जे बघायचं तेच राहून जातं. म्हणून या लेखातली क्रमवारी महत्त्वाची आहे, बाकी माहिती काय कुठेही मिळेल.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय आहे ते. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा आणि ग्लासगोच्या साधारण मध्यावर फॉलकर्क नावाचं गाव आहे. तिथे दोन जुने कालवे जवळजवळ येतात. एक फोर्थ अँड क्लाइड, १७९० साली पुरा झालेला, स्कॉटलंडच्या कमरेतून या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जाणारा. दुसरा युनियन कालवा, १८२२ चा, एडिनबराहून येणारा. अडचण अशी की युनियन कालवा वर आणि दुसरा खाली, मध्ये ३५ मीटरचा फरक. पूर्वी तिथे ११ लॉकची उतरंड होती. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद, बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट पाण्याबरोबर वर किंवा खाली, मग पुढचा हौद. अशा ११ हौदांतून जायला जवळजवळ अख्खा दिवस जायचा आणि एका खेपेला ३,५०० टन पाणी लागायचं. रेल्वे आल्यावर एवढा वेळ कोण घालवणार? १९३३ मध्ये ती लॉकं काढून टाकली, आणि साठीच्या दशकात दोन्ही कालवे रीतसर बंद झाले.

मग नव्या सहस्रकाच्या निमित्ताने हे कालवे परत जिवंत करायचं ठरलं, मिलेनियम लिंक नावाचा प्रकल्प, खर्च सुमारे ८४.५ दशलक्ष पौंड, त्यातला बराच वाटा लॉटरीच्या पैशातून. जुनी लॉकं तशीच पुन्हा बांधता आली असती पण त्यांनी फिरणारं चाक बांधलं. २४ मे २००२ रोजी राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं. खरं तर त्याच्या महिनाभर आधी कुणा टवाळांनी दारं जबरदस्तीने उघडून पाणी आत सोडलं होतं आणि बरंच नुकसान केलं होतं, त्यामुळे चाक सुरू व्हायला उशीर झाला. बोटी उचलणारी याहून उंच यंत्रं जगात आहेत, बेल्जियममधलं स्त्रेपी-तियू तर एका दमात ७३ मीटर उचलतं, पण ती सरळ किंवा उतारावरून वरखाली जाणारी. गोल फिरून बोट उचलणारं जगात हे एकच.

पोचायचं कसं

एडिनबरा किंवा ग्लासगो, कुठूनही अर्ध्या दिवसात होऊ शकतं, पण मी म्हणेन पूर्ण दिवस काढा. एडिनबरा वेव्हर्ली ते ग्लासगो क्वीन स्ट्रीट या लाइनवर फॉलकर्क हाय नावाचं स्टेशन आहे, दोन्हीकडून अर्ध्या तासाच्या आसपास. गावात आणखी दोन स्टेशनं आहेत, ग्रॅहमस्टन आणि कॅमेलन. चाकाला सगळ्यात जवळचं कॅमेलन, पण ते दुसऱ्या लाइनवर आहे, त्यामुळे तिकीट काढताना नुसतं "फॉलकर्क" म्हणू नका, कुठलं ते नीट बघा.

माझं मत विचाराल तर फॉलकर्क हायला उतरा आणि चालत जा. स्टेशनच्या जवळूनच युनियन कालवा जातो, त्याच्या काठाने पश्चिमेकडे चालत राहायचं, पाऊण तास ते तास धरा. या वाटेला तिथे टोपाथ म्हणतात. पूर्वी या वाटेवरून घोडे चालायचे आणि दोरीने बोटी ओढायचे. दमायला होणार नाही, कारण हा कालवा खोदतानाच नकाशावरची एकच उंची धरून डोंगराच्या कडेकडेने वळवत नेलाय, म्हणजे एडिनबरापासून इथवर मूळ वाटेत एकही लॉक नाही, सगळं सपाट. आणि या वाटेने आलात की चाकाच्या वरच्या अंगाने येता, ते का चांगलं ते पुढे येईलच. लहान मुलं किंवा वयस्कर कुणी बरोबर असेल तर मात्र सरळ टॅक्सी करा, गाडी असेल तर पार्किंग आहे, त्याचे पैसे पडतात.

तिकीट आणि वेळ

हे नीट वाचा कारण इथे लोकांचा गोंधळ होतो. चाकाच्या आवारात जायला, चाक फिरताना बघायला, व्हिजिटर सेंटरमध्ये शिरायला काही पैसे नाहीत. पैसे फक्त बोटीचे. म्हणजे चौघांच्या कुटुंबातले दोघं बोटीत आणि दोघं खाली फोटो काढत, असंही चालतं, आणि खरं सांगू का, खालच्यांचा फोटो जास्त चांगला येतो.

बोटीची फेरी साधारण तासाभराची. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी जागा भरतात, म्हणून ऑनलाइन आधी बुक करा, दरही तिथेच बघा कारण ते बदलत असतात. बुक करताना सकाळची पहिली फेरी घेऊ नका! पोचण्याच्या वेळेपासून निदान दीड तास पुढची घ्या, हा दीड तास कशासाठी ते खाली लिहिलंय. दुसरी गोष्ट, हिवाळ्यात देखभालीसाठी चाक काही आठवडे बंद ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर स्कॉटिश कॅनाल्स, म्हणजे हे सगळं चालवणारी संस्था, त्यांच्या साइटवर तारखा बघितल्याशिवाय ट्रेनचं तिकीट काढू नका. मे ते सप्टेंबर सगळ्यात बरं, जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड असतो.

पहिलं काम: खाली उभं राहून एक पूर्ण फेरा बघायचा

चाक सतत फिरत नसतं. जत्रेतला पाळणा डोक्यात ठेवून गेलात तर पहिली दहा मिनिटं "बंद पडलंय का हे" असं वाटेल. बोट वर न्यायची किंवा खाली आणायची असेल तेव्हाच ते अर्धा फेरा घेतं. म्हणून आत जाऊन काउंटरवर विचारा, पुढची बोट कधी निघतेय, आणि त्याच्या दहा मिनिटं आधी खालच्या तळ्याच्या काठावर जागा धरा. समोरून सगळे बघतात, तुम्ही जरा बाजूला सरका, तिरकं दिसलं पाहिजे, म्हणजे दोन्ही हात आणि मागचा जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी नेणारा उंच पूल, एकदम नजरेत येतो.

आता बघायचं काय. चाकाला आरे-बिरे नाहीत, दोनच हात आहेत, आकडीसारखे, पक्ष्याच्या चोचीसारखे म्हणा किंवा दुधारी कुऱ्हाडीसारखे. एकूण व्यास ३५ मीटर. प्रत्येक हाताच्या टोकाला एक पाण्याने भरलेली लांब पेटी, तिला गोंडोला म्हणतात, एकेकीत अडीच लाख लिटर पाणी. बोट या पेटीत तरंगतच असते, तिला कुणी बांधून किंवा टांगून उचलत नाही.

बोट आत गेली की लगेच काही होत नाही, आणि इथेच लोक कंटाळून मोबाइल काढतात. उलट याच वेळी नीट बघा. तळ्याच्या बाजूला एक दार आणि पेटीला स्वतःचं एक दार, दोन्ही बंद होतात, आणि त्या दोन दारांच्या फटीत जे पाणी अडकलेलं असतं ते काढून घेतात. त्यानंतरच पेटी मोकळी होते. खालच्या बाजूला आणखी एक मजा आहे, पेटी तळ्याच्या पाण्यात बुडत नाही, ती एका कोरड्या खड्ड्यात उतरते. पाण्यात बुडाली असती तर पाण्याने तिला वर ढकललं असतं, फिरताना अडवलंही असतं, आणि सगळा तोल गेला असता. म्हणून तो खड्डा पंप लावून कायम कोरडा ठेवतात.

तोल हाच या यंत्राचा जीव आहे. आधी मला वाटायचं की एका बाजूला माणसांनी भरलेली बोट आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, तर ही बाजू जड होणार. नाही होत. बोट पेटीत शिरताना स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाहेर ढकलते, आर्किमिडीजचं शाळेतलं तेच ते तत्त्व, त्यामुळे दोन्ही पेट्यांत पाण्याची पातळी सारखी ठेवली की वजनही सारखंच, बोट असो नसो, एक असो की दोन. तराजूची दोन्ही पारडी कायम बरोबर. मग मोटरला उरतं काय, तर नुसतं घर्षण सोडवून ते धूड हलवायचं. अर्ध्या फेऱ्याला चार-पाच मिनिटं लागतात आणि वीज जाते सुमारे १.५ युनिट. तिथले लोक हे आठ किटल्या पाणी उकळण्याशी तोलून सांगतात, आणि ऐकताना थट्टा वाटते पण हिशोब बरोबर आहे.

दुसरं काम: बाजूला जाऊन दातेरी चाकं शोधायची

पेट्या फिरताना आडव्या कशा राहतात, उलटत का नाहीत? पाळण्यातली डोली जशी स्वतःच्या वजनाने लोंबकळत सरळ राहते तसंच इथेही बऱ्याच अंशी होतं, पेटी हाताच्या टोकाच्या गोल भोकात छोट्या चाकांवर बसवलीय आणि आतल्या रुळांवरून ती सरकते. पण एवढ्या वजनाची वस्तू मध्येच जरा अडकली आणि मग धपकन सुटली तर पाणी हिंदकळून काय होईल विचार करा. म्हणून वजनावर भरवसा न ठेवता दातेरी चाकांची रांग बसवलीय, एकूण पाच. तीन मोठी, ८ मीटर व्यासाची, एक बरोबर मध्ये आणि एकेक दोन्ही पेट्यांना, आणि त्यांच्या मधे दोन लहान. मधलं मोठं चक्र पक्कं आहे, ते फिरतच नाही. हात फिरला की लहान चक्रं त्या पक्क्या चक्रावरून लोळत जातात आणि बाहेरच्या मोठ्या चक्रांना उलट दिशेने तेवढंच फिरवतात. हात जेवढा डावीकडे वळला तेवढीच पेटी उजवीकडे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला पेटी आडवीच्या आडवी. आर्किटेक्ट टोनी केटल यांनी ही कल्पना समजावून द्यायला आपल्या मुलीचे लेगोचे तुकडे वापरले होते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे सांगाच, तासभर गप्प बसतात.

ही चक्रं जलसेतूकडच्या टोकाला आहेत, समोरून ती हाताच्या मागे लपतात, म्हणून बाजूला फिरून जा असं म्हणतोय. आणि जवळ गेल्यावर पोलादावरचे बोल्टही बघा. सांधे वेल्ड केलेले नाहीत, कारण चाक फिरताना प्रत्येक भागावरचा ताण दिशा बदलत राहतो आणि वेल्ड कालांतराने दगा देऊ शकतं, म्हणून १५,००० च्या आसपास बोल्ट लावलेत, तेही हाताने आवळलेले. हे अख्खं चाक आधी इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये एका कारखान्यात जुळवून बघितलं, मग सुटं करून ३५ ट्रकांतून इथे आणलं आणि जमिनीवर परत जोडून उचललं.

पाऊस आला तर व्हिजिटर सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसा, तिथलं छप्पर काचेचं आहे आणि चाक बरोबर डोक्यावर येतं. खरं तर पाऊस नसला तरी बसा.

आता बोटीत

हे सगळं बघून झाल्यावर बोटीत बसलात की तीच शांतता वेगळी वाटते, कारण आता पायाखाली काय चाललंय ते माहीत असतं. फाटक मागे बंद झालं की मनात म्हणायचं, आता फटीतलं पाणी काढतायत. शेजारच्यांना सांगितलंत तर तुम्हीच गाइड व्हाल.

रांगेत थोडं आधी उभे राहा आणि खिडकीची जागा घ्या. चाक तुम्हाला २४ मीटर वर नेतं, मग बोट सरळ जलसेतूवर निघते. हा भाग माझ्या मते सगळ्या फेरीतला सर्वात भारी, कारण दोन्ही बाजूला खाली मोकळी हवा आणि आपण पाण्यावर. स्वच्छ हवा असेल तर उत्तरेकडे ओकिल टेकड्या दिसतात. फोटो इथे काढा, चाकात असताना काढू नका, काही येत नाही.

पुढे रफकॅसल बोगदा, १८० मीटर लांब. आणि इथे मघाशी न सांगितलेली गोष्ट. फरक ३५ मीटरचा आणि चाक उचलतं २४ मीटर, मग उरलेले ११ कुठे गेले? ते बोगद्यापलीकडच्या दोन लॉकमध्ये आहेत. कारण या टेकडीवरून अँटोनाइन वॉल जाते, रोमन लोकांनी इसवी सन १४२ च्या सुमारास बांधायला घेतलेली मातीची तटबंदी, आणि ती कापून कालवा न्यायला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. मग कालवा आधी दोन लॉकने खाली उतरवायचा, भिंतीच्या खालून बोगद्याने काढायचा, आणि मग उरलेलं चाकावर सोपवायचं, असा तोडगा निघाला. बोट बोगद्यातून बाहेर पडते, पलीकडच्या तळ्यात वळते आणि त्याच वाटेने परत खाली. लॉकमधून बोट जात नाही, ती तुम्हाला चालत जाऊन बघावी लागतात.

चालत वर

बोटीतून उतरल्यावर बरेच लोक शॉपमध्ये जाऊन चुंबकं घेतात आणि निघतात. तुम्ही जलसेतूच्या कडेने वर जाणारी वाट धरा, चढ आहे पण थोडाच. वरून चाकाकडे बघितलं की कालवा हवेत मध्येच संपल्यासारखा दिसतो, पाण्याची सरळ रेघ आणि पुढे एकदम काही नाही. फॉलकर्क हायहून चालत आलात तर हे सगळ्यात आधी दिसतं, म्हणून तो रस्ता सुचवला होता. बोगद्यातूनही पायवाट आहे, पलीकडे ती दोन लॉकं.

तिथून झाडीतून रफ कॅसल नावाच्या रोमन किल्ल्याकडे पाट्या लावल्यात, वीसेक मिनिटं. किल्ला म्हणून तट-बुरूज शोधायला गेलात तर निराश व्हाल, गवताने झाकलेले उंचवटे आणि खंदक एवढंच आहे. पण भिंतीचा खंदक इतका स्पष्ट फार कमी ठिकाणी उरलाय, आणि बाजूला ओळीने खड्डे दिसतात ते शत्रूसाठीचे सापळे, आत टोकदार खुंट्या रोवून वर पालापाचोळा पसरायचे. रोमनांनी त्यांना नाव काय ठेवलेलं, तर लिली! २००८ पासून ही भिंत युनेस्कोच्या यादीत आहे. तिकीट नाही, दुकान नाही, बहुतेक वेळा माणूसही नाही. बूट मात्र चिखलाचे घाला, गवत नेहमी ओलं.

वेळ उरला तर घोडे

चाकापासून फोर्थ अँड क्लाइडच्या काठाने पूर्वेला साधारण ४ मैल चाललं की केल्पीज येतात, अँडी स्कॉट या शिल्पकाराची घोड्याची दोन पोलादी डोकी, ३० मीटर उंच. चालायला दीड-दोन तास धरा, सायकल असेल तर मजाच. वाटेत कॅमेलनला १६ नंबरचं लॉक लागतं, जुनी ११ लॉकची उतरंड इथेच येऊन मिळायची, आता तिचं फारसं काही दिसत नाही, शेजारी युनियन इन नावाचं जुनं पब तेवढं आहे. तिथे थांबून विचार करा की मघाशी जे पाच मिनिटांत झालं त्यासाठी इथे दिवस मोडायचा. नंतर वाट उतरत जाते, एकामागून एक लॉकं, आणि शेवटी हे घोडे. ज्यांनी या काठांवरून बोटी ओढल्या त्या दणकट घोड्यांच्या आठवणीतलं शिल्प आहे ते, ड्यूक आणि बॅरन नावाचे दोन खरे क्लाइड्सडेल घोडे समोर ठेवून केलेलं. बघायला पैसे नाहीत, अंधार पडल्यावर आतून दिवे लागतात. जूनमध्ये गेलात तर दिव्यांसाठी फार उशिरापर्यंत थांबावं लागतं, शेवटच्या ट्रेनची वेळ आधी बघून ठेवा. परतीला ग्रॅहमस्टन स्टेशन सोयीचं पडतं.

कपड्यांचं एकच, छत्री नको, टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या, वरच्या वाटेवर वारा छत्री उलटी करतो. आणि वाटेत कुणी बँक ऑफ स्कॉटलंडची ५० पौंडांची नोट दिली तर मागची बाजू बघा, हेच चाक छापलंय. आठवण म्हणून ठेवायची नसेल तर स्कॉटलंडमध्येच खर्च करा, इंग्लंडमधले दुकानदार स्कॉटिश नोटा घ्यायला कां-कूं करतात.